बाळाला रडू न देण्याचे दिवस

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे सोलापुरात झालं. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, वजनानं कमी. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात एका सकाळी मध्येच थांबला. बाळ जोरात रडत होतं आणि त्याच्या उजव्या जांघेत बोराएवढा फुगा वर आला होता. बाळ शांत झालं तसा तो आत गेला.

“अंतर्गळ हाय. रडवू नगा याला,” मावशी म्हणाल्या आणि पुढचं पाणी घातलं.

तेव्हापासून घराचा कारभारच फिरला. बाळाचं तोंड वाकडं झालं की जो जवळ असेल त्यानं उचलायचं. शिट्टीनं दचकायला नको म्हणून कुकर कपाटात गेला, भात पातेल्यात शिजू लागला. मी टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासतो, इंचात धागे किती ते भिंगाखाली मोजतो. तिथंही मध्येच मान वर करून कान द्यायचो, जणू घरचं रडणं मागांच्या खडखडाटात ऐकू येणार होतं.

सात रस्त्याजवळच्या मुलांच्या सर्जननी सांगितलं, हर्नियाच आहे, ऑपरेशन लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. पोटातून जांघेत उतरणारी वाट मिटायला हवी होती, ती उघडी राहिली होती. जांघेच्या घडीत छोटा छेद घ्यायचा, तिथली पिशवी सोडवायची आणि मुळाशी बांधायची. तिला चिकटूनच बारीक नसा जातात, त्या सांभाळायच्या. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीची पद्धत सांगितली. बेंबीतून कॅमेरा घालायचा आणि वाटेचं तोंड आतूनच टाक्यानं आवळायचं. दुसरी बाजूही दिसते. मात्र पोटात गॅस भरावा लागतो.

मी दोघांनाही विचारलं, पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात किती? दोघांनी आकडे दिले आणि ते जवळजवळ सारखेच निघाले. माझी पंचाईत झाली. आकड्यांत फरक असता तर मी ठरवू शकलो असतो.

शिवाय मूल आमच्या घरात असलं तरी शब्द लेकीच्या सासरचा. जावई पुण्याहून फोनवर म्हणाले, “तुम्ही आणि बाबा मिळून ठरवा.” म्हणून वेळापूरहून व्याही आले.

“एवढुशा पोटात कॅमेरा? बोअरमदी सोडत्यात तसा व्हय?” ते म्हणाले. “तुमी आपलं धागं मोजा की, पावनं!”

तरीही त्यांना स्वतः ऐकायचं होतं, म्हणून सगळे दुर्बिणीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाळाला टेबलावर ठेवलं.

“फुगा दिसत नाही.”

“रडलं की येतो,” लेक म्हणाली.

“मग रडू द्या.”

कपडे काढल्यावर बाळाचा ओठ थरथरला. लगेच बायकोनं जू जू सुरू केलं, लेकीनं बोट तोंडात दिलं, व्याह्यांनी किल्ल्या खुळखुळवल्या. बाळ गप्प. डॉक्टरांनी पुन्हा वाट पाहिली, आम्ही पुन्हा तेच केलं.

“तुम्ही सगळे बाहेर थांबा,” ते शेवटी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर कुणीच बसलं नाही. आतून रडणं सुरू झालं आणि वाढतच गेलं. व्याह्यांचा हात कडीवर गेला. मी तो धरला.

“चिमटं काढतंय का काय डाक्टर?”

“नाही हो. बघतायत.”

“आत्ताच अडकलं तर?” बायकोनं मला विचारलं. मी दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो.

डॉक्टरांनी दार उघडलं. “उजवीकडे आहेच. डावीकडेही भरल्यासारखं वाटतंय. आधी कधी दिसलं नाही?”

“इतके दिवस तो धड रडलाच नाही,” लेक म्हणाली.

“जांघेतून उजवं केलं आणि डावं पुढे आलं, तर पुन्हा भूल. आतून बघितलं तर एकदाच.”

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते रुमालानं नाक पुसत होते. “येकदाच बेशुद्ध करा. सोडा कॅमेरा.”

ऑपरेशन झालं. डावीकडची वाट मिटलेलीच निघाली. उजवीकडची बांधली. रात्रभर श्वासावर लक्ष ठेवून त्याला घरी सोडलं.

“म्हंजी डावीकडं उगंच बगितलं?” व्याह्यांनी मला विचारलं.

“आता माहीत तरी झालं,” मी म्हणालो. जांघेतूनही भागलं असतं, हे मला कळत होतं. पण ते आधी कळायचा मार्ग कुठला?

जखमा सुकल्यानंतर एका संध्याकाळी बाळ घसा फोडून रडू लागलं. आम्ही सगळे धावलो. बायकोचे हात त्याच्या पाठीखाली गेलेसुद्धा.

“थांब आई, उचलू नकोस.” लेकीनं लंगोट सोडला.

आम्ही तिघं वाकलो. बाळाचा चेहरा लाल, पोट घट्ट, मुठी आवळलेल्या. जांघ दोन्हीकडे सपाट होती. मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

“अजून थोडं रडू दे,” मी म्हणालो.

“बाबा, त्याला भूक लागलीय,” असं म्हणून लेकीनं त्याला पदराखाली घेतलं.