आरशावरचा पंचा

डोळे अधू झाले, आता वडिलांना धोतर नेसणे जमायचे नाही, असा निवाडा चिरंजीवांनी परस्पर दिला आणि शिवलेले, नाडीचे धोतर माझ्यापुढे ठेवले.

“नाना, मागचं दिसतं का तुम्हाला?”

“कासोटा तुझ्या आजोबांना तरी कधी दिसला होता?”

“मग निदान आरशात बघून खोचा.”

आरशात पाहताच बोटे चुकली. मी आरशावर पंचा टाकला. हात आपोआप पाठीमागे गेले, निऱ्या घट्ट बसल्या. आपला हात कुठे आहे, हे देहाला आतूनच उमगते; पाठ खाजवायला कोणी दिवा लावत नाही. ही जाण डोळ्यांची मिंधी नाही, आणि ती शाबूत असेतो माझे नेसणे मीच ठरवीन.

“हे परत कर,” मी म्हणालो, “दुकान अजून उघडं असेल.”