आधी ओढून दाखवा

पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टर टेबलावर बोटानं टकटक करायचे. "पंप काढा. आधी ओढून दाखवा, मग बोलू." स्टेथोस्कोप त्यानंतर. कोल्हापुरात दम्याचे स्पेशालिस्ट म्हणून त्यांचं नाव होतं, पण निम्मा दिवस पंप ओढायला शिकवण्यातच जायचा. कोडोलीच्या एका आजोबांनी टोपण न काढताच पंप दाबला, तर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दार बंद हाय की! औषध आत येणार कुठनं?"

माझ्या बायकोला दमा आहे. मी डेअरीत हिशोबाचं काम करतो, म्हणून तिची वही माझ्याकडे. श्वासाचा जोर मोजायची एक नळी असते, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बायको रोज सकाळी त्या नळीत तीनदा फुंकायची आणि मी तिन्ही आकडे लिहून पुढं त्यांची सरासरी मांडायचो. डॉक्टर वही बघून हसले. "पावणं, सरासरी दुधाच्या फॅटची काढा. हितं तिनातला मोठा आकडा लिवायचा."

मी सगळी वही नव्यानं उतरवली.

पुढच्या हिवाळ्यात तीनशे ऐंशीचा आकडा दोनशे साठवर आला. जिना चढताना ती मध्येच थांबू लागली. पंप मात्र चुकत नव्हता. एका पंपात एकशे वीस दाब, रोज चार. तिसाव्या दिवशी पंपावरचा, उरलेले दाब दाखवणारा काउंटर बरोबर शून्यावर. मी डॉक्टरांना म्हणालो, "एकही डोस चुकलेला नाही. औषधच वाढवा."

त्यांनी तिला पंप ओढायला लावला. तिनं अगदी नीट ओढला. डॉक्टर वही बाजूला सारून तिच्याकडे वळले.

"वहिनी, ओढायला तर झकास येतंय. मग घरात का ओढत न्हाईसा?"

ती म्हणाली, "भजनात आवाज फुटतो हो. पंपानं घसा बसतोय. मग मी खिडकीबाहेर दाबते. हे काउंटर बघतात न्हवं."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

"काउंटर रोज बगितलासा," डॉक्टर मला म्हणाले. "वहिनींना इचारलासा कधी?"

"नाही."

त्यांनी औषध वाढवलं नाही. औषध घशाला लागू नये म्हणून पंपाला लावायचं एक प्लास्टिकचं नळकांडं दिलं आणि ओढून झाल्यावर लगेच गुळण्या करून पाणी थुंकायला सांगितलं. वर मला काम लावलं, "ओढताना तुमी समोर बसायचं. आकडा न्हाई, त्यांच्या तोंडाकडं बगायचं." हिवाळा संपेपर्यंत आकडा तीनशे सत्तरवर आला. भजनात ती पुन्हा पुढं बसू लागली.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. आता आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. तरुण आहेत, हुशार आहेत. पहिल्या दिवशी ते कॉम्प्युटरवर नाव घालत होते, तेवढ्यात हिनं पर्समधून पंप काढला, नळकांडं लावलं आणि ओढायला सुरुवात केली.

"अहो, मी अजून काही विचारलंच नाही," ते म्हणाले.

तिनं श्वास पूर्ण रोखला, सावकाश सोडला, आणि मग म्हणाली, "आधी ओढून दाखवायचं असतं."