कढीपत्त्यावरचा कोष

नवनगरच्या आमच्या घरावरून रोज सकाळी एक बाई फिरायला जातात. हात पाठीमागे बांधलेले, चाल सावकाश, आणि प्रत्येक कुंपणापाशी थांबून आतली झाडं न्याहाळायची सवय. नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या आईला आता फारसं दिसत नाही. परसातल्या मिरच्या, कढीपत्ता ती चाचपूनच तोडते. एकदा कढीपत्त्याच्या फांदीवर तिच्या बोटाखाली काहीतरी वळवळलं. ती घाबरून आत आली ती पुन्हा परसात पाऊल टाकेना. मी पाहिलं, तर पानासारखंच हिरवं, टोकदार काहीतरी चिकटलेलं. विषारी असेल म्हणून फांदी कापायला मी कात्री आणली, तेवढ्यात कुंपणापलीकडून त्या बाई म्हणाल्या, "थांबा हो, कापू नका."

त्या आत आल्या, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिलं. "कमरेला हा बारीक धागा बघा. फुलपाखराचा कोष आहे. माझ्या लिंबावर असेच असतात."

आई परसात यायला घाबरते हे मी सांगितल्यावर त्यांनी घरात येऊन तिचा हात हातात घेतला आणि कानडी मिसळून म्हणाल्या, "हेदरबेड्री अज्जी, घाबरू नका, घाबरण्यासारखं काही नाही. झोपेत कुणाचा हात लागला की आपण कूस बदलतो ना, तसं केलं त्यानं."

"चावत नाही ना?"

"तोंडच नाही त्याला."

आई हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात कोष रिकामा दिसला. मी उत्साहानं फाटकातून बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एवढंच विचारलं, "अज्जी परसात येतात ना आता?"

येतात म्हटल्यावर त्या पुढे चालू लागल्या.