काकूंचं माहेरचं नाव

इतक्या वर्षांनंतरही ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकात मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका गावात डिटेक्टिव्ह होतो. मराठी घरातला मुलगा अमेरिकेत येऊन पोलीस झाला म्हणून आईने कपाळावर हात मारून घेतला होता. खरी नावं इथे देत नाही.

निवडणूक नुकतीच झाली होती. आमचे सिनेटर मूळचे मक्याचे शेतकरी. आधी शाळा समितीवर, मग राज्याच्या सिनेटमध्ये. यंदा अगदी थोडक्यात जिंकले होते. तेवढ्यात ठाण्यात निनावी पत्र आलं की सिनेटरांनी खोटी टपाली मतं घातली आहेत. तपासात टपाली मताचं एक पाकीट सापडलं. मतासाठीचा अर्ज 'द्वारका' या नावाने, अक्षर सिनेटरांचं. पाकिटावर सही मात्र 'सुनंदा'. आमचा एक अंमलदार अर्जावरच्या पत्त्यावर गेला, तर तिथल्या मुलाने घाबरून आईचा पासपोर्टच पुढे केला. नाव द्वारका, बास; सुनंदा कुठेच नाही.

सिनेटर बोलावल्या वेळेच्या आधीच हजर झाले. बुटांवरचा बर्फ दारातच झटकला.

"अर्ज मी भरला," ते म्हणाले. "त्यांना इंग्रजी लिहिणं जड जातं."

"आणि सही?"

"माझी नाही."

"मग कोणाची?"

दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. राजकारणी माणूस गप्प बसतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी धरूनच चाललो होतो. जागा तर जाणारच होती, तुरुंगही दिसत होता. तरी तोंड उघडेनात.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या घरी गेलो. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून दारातल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, मराठी का तुम्ही? आत या, चहा टाकते."

चहा पिता पिता मी सहज विचारलं, "काकू, तुमचं माहेरचं नाव काय?" हा प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हता.

"द्वारका. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने सुनंदा लिहिलं. चाळीस वर्षं तेच चाललंय."

"मग सही द्वारका का नाही केलीत?"

"कागद असतील द्वारकाचे. मत माझं होतं ना?"

मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या आईलाही दोन नावं होती. जबाब घेतला, सोबत त्यांची जुनी लग्नपत्रिका जोडली. मी उठताना काकू म्हणाल्या, "मत मी सिनेटरांच्या विरोधकाला दिलं हो. सिनेटर गावातली शाळा बंद करायला निघाले होते, मला नाही पटलं. अर्ज भरायला आले तेव्हा तोंडावरच सांगितलं त्यांना."

मी तडक सिनेटरांकडे गेलो. "दोन नावांचं तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पण त्यांना नागरिकत्व मिळून वर्षही झालं नाही. खोट्या नावाने सही केली असं कोणी म्हटलं असतं तर?"

"निदान त्यांचं मत तुमच्याविरुद्ध होतं एवढं तरी बोलायचंत. तिथल्या तिथे सुटला असतात."

"मत त्यांचं. मी कोण सांगणारा?"

मत धरलं गेलं, केस बंद झाली. पुढे ते आणखी दोनदा निवडून आले, मग शेतावर परतले. इतका सरळ राजकारणी मला पुन्हा भेटला नाही. गप्प बसलेला प्रत्येक माणूस चोर नसतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. काकूंकडे मात्र चहाला जात राहिलो. नंतरच्या निवडणुकांत त्यांनी कोणाला मत दिलं, ते कधी विचारलं नाही. मी कोण विचारणारा?