चिंचेच्या कोळातलं पदक

जे पदक मिळवताना माझे सासरे अरबी समुद्रात बुडाले नाहीत, ते पदक मी चंडीगडमध्ये चिंचेच्या कोळात बुडवलं.

सासरे नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. चंडीगडमध्ये दगड मारला तर तो निवृत्त फौजीलाच लागतो (आणि फौजी तो परत मारतो, नेम न चुकता!). पण आमच्या सेक्टरमध्ये नौदलातले हे एकटेच. शेजारचे कर्नलसाहेब रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, "क्यों कमांडर साब, आज सुखना लेक में गश्त नहीं?" सासरे नुसते हसायचे. एकाहत्तरच्या युद्धाबद्दल त्यांनी आम्हालाही कधी चकार शब्द सांगितला नव्हता. पण दसऱ्याला सेक्टरमधल्या माजी सैनिकांचा सत्कार ठरला, पदक लावून यायचं आमंत्रण आलं, आणि हा माणूस आठवडाभर आधीच ब्लेझर इस्त्री करून बसला!

आदल्या दिवशी खंडेनवमी. पूजेला माझा लॅपटॉप, मिक्सर आणि मंजिरीचा स्टेथोस्कोप मांडला होता (बायको डॉक्टर असली की हत्यारं कमी पडत नाहीत). मंजिरी म्हणाली, "बाबांचं पदकही ठेवूया." डबी उघडली तर आतला तारा काळपट पडलेला. सासरे न्हाव्याकडे गेले होते. म्हटलं, ते यायच्या आत चकाचक करून चकित करू. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. आम्ल म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. चिंचेचा कोळ केला, त्यात मीठ घातलं आणि पदक सोडलं. फितीसकट! तेवढ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला आणि त्याच्या प्रबंधावर मी अर्धा तास बोललो.

बाहेर काढलं तेव्हा तारा झगझगत होता. फितीवरचे रंग मात्र एकमेकांत मिसळून आमटीच्या रंगाचे झाले होते.

"सतीश! हे काय केलंस?" मंजिरी किंचाळली.

"थोडा रंग गेलाय."

"थोडा? उद्या काय लावणार बाबा? हा बोळा?"

पंधरा वर्षांच्या ओवीने दारातूनच निकाल दिला, "पापा, आप तो गए!"

मी स्कूटर काढली आणि मनीमाजरा गाठलं. तिथल्या एका गल्लीत वर्दी शिवणारा म्हातारा शिंपी आहे. त्याने ती ओली फीत चिमटीत धरून वास घेतला.

"कौन सा रिबन है जी?"

"नेव्ही का. लड़ाई वाला."

"रंग?"

इथे माझी बोबडी वळली. इतकी वर्षं ते पदक बघत होतो, पण रंग कोण लक्षात ठेवतो? त्याने खोका पुढे केला. मी शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे अंदाजाने, सगळ्यांत भारदस्त दिसणारी फीत उचलली. "पक्का यही?" त्याने विचारलं. "पक्का!" घरी येऊन स्वतः शिवली. बोटांना सात वेळा सुई टोचली.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी पदक हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या बोटांवरच्या चिकटपट्ट्यांकडे पाहिलं. "छान चमकतंय हो, जावईबापू," एवढंच म्हणाले आणि ब्लेझरला लावून निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ टिकला नाही. कम्युनिटी सेंटरमध्ये कर्नलसाहेब सासऱ्यांच्या छातीशी वाकले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे गरजले, "अरे! ये तो बर्फ़ीली चौकियों वाला रिबन है! कमांडर साब, जहाज़ पहाड़ पे चढ़ाया था क्या?"

हॉल हसून लोळायला लागला. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आठवडाभर वाट पाहिलेला त्यांचा दिवस मी मातीत घातला होता.

सासरे शांतपणे माइकपाशी गेले. "रिबन ग़लत है. तारा सही है," ते म्हणाले. आणि आमच्यादेखत पहिल्यांदाच युद्धाबद्दल बोलले. तेवीस वर्षांचे होते. सगळं युद्ध खाली इंजिनरूममध्ये गेलं. ना समुद्र दिसला, ना शत्रू. वरून नुसते हादरे बसायचे. "डर बहुत लगता था. तो मैं मराठी में पहाड़े बोलता था. उनतीस पे ग़लती होती थी, फिर शुरू से. लड़ाई ख़त्म हुई, तब तक उनतीस का पहाड़ा याद हो गया था."

कर्नलसाहेब सावधान उभे राहिले होते. मंजिरी तर उघडच रडत होती.

"और ये रिबन," सासरे पुढे म्हणाले, "मेरे दामाद केमिस्ट्री के डॉक्टर हैं. मेडल की चटनी बना दी. मैंने सुबह ही देख लिया था. लेकिन बेचारे ने उँगलियाँ छिदवाकर सिया है, तो पहन लिया."

टाळ्या थांबेनात! मी डोळे पुसले, आभार मानावेत म्हणून बर्फीचं ताट उचललं आणि पहिल्या रांगेतल्या फौजींसमोर गेलो. मला पाहताच सगळ्यांचे उजवे हात एकदम उचलले गेले आणि छातीवर टेकले. एवढी मानवंदना! मी भारावून मान लववली, तेव्हा कुठे लक्षात आलं, की सगळे आपापली पदकं झाकत होते.