केळीच्या पानावरचा उंट

कावेरीअक्का वरच्या मजल्यावर राहतात, चित्रांचे ठसे छान उमटवतात आणि धाकट्या बहिणीशी दोन वर्षं बोलत नाहीत. सहा वर्षांच्या शेजारात रघुनंदनरावांना त्यांच्याविषयी कळलं ते एवढंच. जास्त विचारायला ते लाजत.

बहिणीच्या साठीनिमित्त अक्का हातानं कार्ड करत होत्या. बटाटे कोरून त्यांनी इडली, वडा आणि केळीचं पान उमटवलं, रंगवलंही. मग हात थरथरू लागला, तेव्हा त्या खाली आल्या.

"अण्णा, पानाच्या मधोमध ऊट पाहिजे. तुम्ही कोरून द्या. ते बघून तरी ती येईल."

साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या रघुनंदनरावांनी 'उंट' ऐकलं. उंट कशाला, हे विचारायचं धैर्य झालं नाही. तीन बटाटे वाया घालवून त्यांनी उंट कोरला, पानावर उमटवला आणि पिवळा रंगवला.

अक्का बघतच राहिल्या. "अय्यो, हे काय?"

"उंट."

"ऊट म्हणजे जेवण हो, कन्नडात."

नवं कार्ड करायला वेळ नव्हता. अक्कांनी उंटाखाली 'जेवायला ये' लिहिलं आणि कार्ड म्हैसूरला धाडलं.

चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "अक्का, उंट वाढायला आहे की पंगतीला?"

अक्कांचं हसू खालपर्यंत ऐकू आलं. बहीण जेवायला आली ती अक्कांना आपल्याकडे राहायला घेऊनच गेली.

टॅक्सीत बसताना अक्का म्हणाल्या, "अण्णा, दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगाल?"

"सांगतो," रघुनंदनराव म्हणाले.