मावशी रेसट्रॅकवर

आमची मावशी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. साठीला तिने दोन सिलिंडरची मोटरसायकल घेतली आणि थेट रेसट्रॅक गाठला. तिथल्या मेकॅनिकने नियमाप्रमाणे आरसे काढले, इंडिकेटरवर चिकटपट्टी मारली. मावशी भडकली. "मी वळतेय हे मागच्याला कळणार कसं? तुझं लायसन दाखव आधी!"

मग काय, प्रत्येक वळणाआधी ती डावा हात उंच करून इशारा देऊ लागली. ट्रॅकवर हात वर म्हणजे गाडी बिघडली. मागची तरणी पोरं दचकून ब्रेक दाबायची. पाच फेऱ्यांत एकही जण तिच्या पुढे गेला नाही.

ट्रॅकचा साहेब ओरडला, "अहो, हात वर म्हणजे गाडी बंद पडतेय!"

मावशीने शांतपणे हेल्मेट काढलं. "आणि बंद पडणारी गाडीसुद्धा गाठता येईना होय रे तुमच्या पोरांना?"